एका हाताचा नमस्कार

चंद्रहास आरोलकरांना सायकल चालवता येत होती. फक्त ती चालवताना दुसरं काहीही करता येत नव्हतं. लहानपणी वेंगुर्ल्याला भाड्याच्या सायकलवर शिकताना दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरायचं एवढा एकच धडा त्यांना मिळाला होता आणि तो त्यांनी पन्नाशीपर्यंत इमानाने पाळला. नाकावर माशी बसली, तर ती आपणहून उठेपर्यंत ते वाट बघत. एकदम काटकोनात वळायचं असलं की खाली उतरत, सायकल हाताने वळवत आणि पुन्हा बसत. यात त्यांना कमीपणा वाटायचं कारण नव्हतं, कारण हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या पत्नीला, मनोरमाबाईंनाही नाही. नवऱ्याने बायकोला काय काय सांगावं याला काही मर्यादा असते, असं आरोलकरांचं मत होतं.

ही गोष्ट आयुष्यभर झाकली राहिली असती. पण अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या सुट्टीनंतर संस्थेने त्यांना तुळिंजच्या शाळेतून उचललं आणि बढती देऊन निर्मळकडच्या शाळेत पर्यवेक्षक केलं. राहायला ते विरार पश्चिमेला, 'मधुमालती' सोसायटीत. निर्मळला जाणारी एस.टी. यायची, पण ती तिच्या सोयीने. पर्यवेक्षकाने उशिरा येणाऱ्या मुलांना दरडावायचं असतं. त्याने स्वतः त्यांच्यामागून येणं बरं दिसत नाही. तेव्हा आरोलकरांनी जिन्याखालची सायकल पुसली, तेलपाणी केलं आणि पहिल्या सोमवारी सकाळी दोन्ही हात हँडलवर ठेवून निघाले.

बोळिंज मागे पडलं, इमारती संपल्या आणि केळीच्या नि फुलांच्या वाड्या सुरू झाल्या. समोरून गावातली माणसं सायकलींवरून विरारकडे निघाली होती. कुणाच्या मागे मोगऱ्याची टोपली, कुणाच्या दांड्याला दुधाचे कॅन, कुणाच्या कॅरिअरवर भाजीचे भारे. आणि त्यातला प्रत्येक जण आरोलकरांना पाहून हात वर करत होता.

त्या रस्त्याची तशी रीतच होती. दोन सायकली समोरासमोर आल्या की मुक्याने जायचं नाही. बरोबरीचा असेल तर हात कपाळापर्यंत, वडीलधारा असेल तर पुरता वर, फादर असतील तर हात वर आणि मानही खाली. ओळख असायलाच हवी असं नाही. नवीन सर येणार हे गावाला आधीच कळलं होतं, त्यामुळे त्या दिवशी सगळे हात पुरते वर झाले. 'गुड मॉर्निंग सर'चा नुसता पाऊस पडला आणि आरोलकर त्या पावसातून, समोर टक लावून, जबडा आवळून, जणू कुणाच्या अंत्ययात्रेला निघाल्यासारखे सरळ निघून गेले.

आठवड्याभरात मुख्याध्यापिका उर्सुला टीचरनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाई मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी आधी चहा मागवला, मग वेळापत्रकाची चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, की गावात सरांबद्दल जरा कुजबुज आहे. ॲन्सेल्म लोपीस म्हणून पालक समितीचे जुने सभासद होते, केळीची मोठी वाडी असलेले. त्यांनी सरांना रोज हात केला आणि सरांनी रोज त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं.

"काल ते मला विचारत होते," टीचर म्हणाल्या, "नव्या सरांना मान जास्त आहे, की मान दुखतेय?"

आरोलकरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या माणसाने तीस वर्षं वर्गात वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्यावर तास घेतले, त्याला कुणी गर्विष्ठ म्हणावं? पण खरं कारण सांगायचं तर नव्या मुख्याध्यापिकेसमोर, नव्या शाळेत, बढतीवर येऊन आठच दिवसांत आपल्याला सायकल अर्धीच येते असं कबूल करावं लागणार होतं. ते म्हणाले, लक्ष ठेवतो.

घरी त्यांनी विषय काढला. मनोरमाबाई म्हणाल्या, हातच वर करायचा ना, मग त्यात एवढं काय? आरोलकर म्हणाले की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कुठलं तत्त्व, हे त्यांना विचारल्यावर सांगता येईना, म्हणून ते जेवणावरून लवकर उठले.

रविवारी पहाटे त्यांनी सोसायटीच्या आवारात सराव सुरू केला. एक फेरी नीट मारली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि उजवा हात उचलला. सायकलने तात्काळ डावीकडे मान टाकली आणि 'ब' विंगच्या बांधकामासाठी आणून टाकलेल्या रेतीच्या ढिगात पर्यवेक्षक कमरेपर्यंत गेले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वर्तक काका दात घासत उभे होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ पुष्कळ होता आणि सल्ले त्याहून जास्त. त्यांनी ब्रश तोंडातच ठेवून विचारलं, की आरोलकर, चक्कर आली काय. तासाभरात ही चक्कर सोसायटीभर पसरली. तळमजल्यावरच्या बाईंनी बेदाण्याचं पाणी पाठवलं, कुणीतरी रक्तदाब मोजून घ्या म्हणालं, आणि संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली: 'आवारात सायकलच्या कसरती करू नयेत.' खाली नाव नव्हतं, पण ज्याने वाचली त्याने वाचून आरोलकरांच्या दाराकडे बघितलं.

वर्तक काकांना थोडंफार सांगावंच लागलं. आपल्याला हात सोडायचा नाही, एवढंच आरोलकर म्हणाले. सोडता येत नाही असं म्हणाले नाहीत. काका मूळचे इथलेच. त्यांनी सांगितलं, मग मान हलवा, मान हलवायला हात लागत नाही. पण आरोलकरांचा स्वभाव आदबशीर. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्याच दूधवाल्याला इतकी खोल मान हलवली, की चष्मा नाकावरून सुटून रस्त्यावर पडला आणि मागून येणाऱ्या टेम्पोने त्याचा निकाल लावला. नवा चष्मा होईपर्यंत त्यांना समोरून येणारा माणूस कोण हे दिसत नव्हतं. तरी तोंडाने बोलायला डोळे लागत नाहीत, असा विचार करून त्यांनी शब्दांवर भर दिला. 'नमस्कार' फार लांब पडे. 'नम' एकाला मिळे आणि 'स्कार' त्याच्या मागच्याला. मग ते ख्रिस्ती माणसाला 'जय येशू' आणि हिंदूला 'राम राम' म्हणू लागले. अडचण एवढीच, की अंधुक नजरेला धोतर आणि झगा सारखेच दिसतात. निर्मळच्या देवळातल्या पुजाऱ्यांना त्यांनी खणखणीत 'जय येशू' घातलं आणि पन्नास पावलांवर फादरना 'राम राम'. पुजाऱ्यांनी 'जय येशू' म्हटलं, फादरनी 'राम राम' म्हटलं, दोघांनीही मजेत हात वर केला आणि आरोलकर चुकून कुणाला काय म्हणालो याचा हिशेब करत शाळेपर्यंत गेले.

मग घंटी. ही कल्पना त्यांची स्वतःची होती. अंगठ्याने वाजवता येते, हात हँडलवरच राहतो. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून ते निघाले आणि वाड्यांच्या वळणावर समोरून ॲन्सेल्म लोपीस येताना दिसले. साठीचा माणूस, कॅरिअरवर दोन्ही बाजूंना केळीचे घड बांधलेले. झालं गेलं सगळं एकदम भरून काढावं म्हणून आरोलकरांनी घंटी जोरात वाजवली, पुन्हा वाजवली, वाजवतच राहिले. आता त्या रस्त्यावर घंटी वाजवतात ती म्हशीला. ॲन्सेल्मना वाटलं, सरांचे ब्रेक गेले. त्यांनी घाईने सायकल कडेला घातली आणि घडांसकट पाण्याच्या पाटात उतरले. आरोलकरांना थांबायचं होतं, पण थांबायचं म्हणजे उतरायचं आणि उतरायला सपाट जागा लागते. ती मिळेपर्यंत ते बरेच पुढे गेले होते. मागे वळून बघितलं तेव्हा ॲन्सेल्म पाटात उभे राहून घरच्या बोलीत काहीतरी बोलत होते. ते कळलं नाही हेच बरं झालं.

त्या रात्री आरोलकरांनी निर्णय घेतला. कुणी समोरून आलं की आपण सरळ खाली उतरायचं, सायकल कमरेला टेकवायची आणि दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा.

आणि काय सांगावं, गाव एका दिवसात बदललं. एवढा मोठा सर आपल्यासाठी सायकलवरून उतरतो म्हटल्यावर माणसं विरघळली. ॲन्सेल्मसुद्धा उतरले, पाटाचा विषय त्यांनी काढला नाही, उलट सरांच्या पिशवीत वेलची केळी घातली. पण एक उतरला की दुसऱ्यालाही उतरावं लागतं आणि दोन माणसं रस्त्यात उतरली की घरची विचारपूस केल्याशिवाय परत चढत नाहीत. आरोलकर घरून लवकर निघू लागले, मग आणखी लवकर. तरी प्रार्थना सुरू झाल्यावरच ते फाटकाशी पोचत आणि ज्या पोरांना दरडावायचं त्यांच्या रांगेत मान खाली घालून उभे राहत. तरीही मनाने ते सुखी होते. लोक भेटत, गोड बोलत. एक जण तर म्हणाला, "सर, आमच्या घरातलं मत पक्कं आहे, काळजी नको." आपल्याविषयी गावाचं मत सुधारलं म्हणून आरोलकर गहिवरले आणि त्यांनी त्याचे आभार मानले.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते राहणारे विरारचे, त्यांचं तिथे मतदान नव्हतं. एका वॉर्डात कॉन्रॅड डिमेलो आणि बेटी परेरा यांची चुरस होती. कॉन्रॅडची निशाणी कपबशी. बेटीची निशाणी सायकल.

एका संध्याकाळी कॉन्रॅड दोन माणसं घेऊन 'मधुमालती'त आला. चांगला, वजनदार गृहस्थ. मनोरमाबाईंनी पोहे केले, त्याने ते खाल्ले, वाटी खाली ठेवली आणि अदबीने म्हणाला,

"सर, तुम्ही शिक्षक. या निवडणुकीच्या भानगडीत पडू नका, एवढीच विनंती."

आरोलकरांनी फक्त 'पडू नका' एवढंच ऐकलं. आपलं गुपित या माणसाला कळलं, असंच त्यांना वाटलं आणि ते एकदम मोकळे झाले.

"पडायचं नाही म्हणूनच तर मी उतरतो," ते म्हणाले.

कॉन्रॅडने आपल्या माणसांकडे बघितलं. माणसांनी कॉन्रॅडकडे बघितलं. मग तिघेही उठले. मनोरमाबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात संस्थेकडून कारणे दाखवा नोटीस आली. पर्यवेक्षक श्री. आरोलकर हे शाळेच्या वेळेत, सार्वजनिक रस्त्यावर, मतदारांना अडवून, एका उमेदवाराच्या निशाणीला टेकून, हात जोडून प्रचार करतात, अशी तक्रार आहे. वर्तक काकांनी ती वाचून सांगितलं, की हे प्रकरण बढती परत घेण्यापर्यंत जाऊ शकतं, त्यांच्या खात्यात एकाची बढती याहून लहान गोष्टीवरून गेली होती. त्या रात्री आरोलकरांनी पानातला भात नुसता चिवडला.

चौकशीला संस्थेचे चिटणीस स्वतः आले. उर्सुला टीचरच्या केबिनमध्ये एका बाजूला कॉन्रॅड, दुसऱ्या बाजूला पालकांतर्फे ॲन्सेल्म, मधे आरोलकर. चिटणीसांनी शांतपणे विचारलं, रस्त्यात उतरता हे खरं का. खरं. हात जोडता? जोडतो. सायकल जवळ असते? असते. मग प्रचार नाही तर काय? सौजन्य, आरोलकर म्हणाले. त्यावर कॉन्रॅडने नोंद करून घ्यायला लावली, की हे सौजन्य पहिला महिनाभर कुठे होतं, तेव्हा तर सर कुणाकडे बघतही नव्हते. निवडणूक जवळ आली आणि सौजन्य सुचलं. ॲन्सेल्मनाही तो प्रश्न पडलेला दिसत होता.

आरोलकरांनी टीचरकडे बघितलं. टीचर वाट बघत होत्या. आरोलकरांनी मग भिंतीवरच्या येशूकडे बघितलं, शेजारच्या सरस्वतीकडे बघितलं. तिथूनही काही सुचवण्यात आलं नाही.

"मला एक हात सोडून सायकल चालवता येत नाही," ते म्हणाले.

चिटणीसांनी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं. एवढ्या वर्षांत आपण पुष्कळ खुलासे ऐकले, ते म्हणाले, पण हा खुलासा प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय लिहून घेता येणार नाही.

पाहणी शाळेच्या मैदानात झाली. मधली सुट्टी होती. खिडक्याखिडक्यांतून मुलं लटकली होती. चिटणीसांसाठी खुर्ची मांडली. आरोलकर सायकलवर बसले तेव्हा त्यांच्या मनात एकच इच्छा होती: पडावं. इतक्या मनापासून पडावंसं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. सगळी अब्रू, सगळी बढती त्या एका पडण्यावर होती. त्यांनी अर्धी फेरी मारली, खुर्चीसमोर आले आणि उजवा हात उचलला.

काही झालं नाही.

सायकल सरळ चालत राहिली. हात आकाशात, वारा तोंडावर, सायकल रुळावर ठेवल्यासारखी. आरोलकरांचा विश्वास बसेना. क्षणभर ते नोटीस विसरले, चौकशी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा ते एका हाताने सायकल चालवत होते आणि ती चालत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कॉन्रॅड म्हणाला, बघा, पोस्टमनसारखे चालवतात. चिटणीस लिहू लागले. उर्सुला टीचरनी नजर खाली घातली.

दुसरी फेरी झाली, हात वरच होता. तिसरीलाही वरच. तेव्हा ॲन्सेल्म खुर्चीजवळून पुढे सरकले. पोरपणापासून आयुष्य सायकलवर गेलेला माणूस तो. त्याने सरांचा चेहरा वाचला.

"त्यांना हात खाली घेता येत नाहीये," ॲन्सेल्म म्हणाले.

ते खरं होतं. हात सोडला तेव्हा हँडल एका जागी होतं. आता ते कुठे असेल, याची आरोलकरांना खात्री नव्हती आणि खाली बघायचं धाडस नव्हतं. चौथ्या फेरीला वळण चुकलं आणि ते फाटकातून बाहेर गेले. मागून ॲन्सेल्म धावले, त्यांच्यामागून कॉन्रॅड, त्याच्यामागून चिटणीस आणि सगळ्यात शेवटी टीचर साडी सावरत. रस्त्याला जरा उतार होता. समोरून येणाऱ्यांनी बघितलं, सर हात वर करून येत आहेत. प्रत्येकाने मोठ्या आनंदाने उलट हात केला. एक जण तर दोन्ही हात सोडून गेला. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून बेटीची प्रचाराची रिक्षा भोंगा लावून रस्त्यावर आली आणि नेमकी आरोलकरांच्या मागे लागली. पुढे सायकलवर पर्यवेक्षक, हात उंच, मागे भोंगा सांगतोय की सायकललाच मत द्या, आणि त्यामागे धापा टाकत चौकशी समिती. वाड्यांतून माणसं बाहेर आली. अशी प्रचारफेरी त्यांनी आजवर बघितली नव्हती.

ॲन्सेल्मच्या वाडीचं कुंपण एका जागी मोडलेलं होतं. सायकल तिथून आत गेली. केळीला नुकतंच पाणी सोडलं होतं, त्यामुळे लागलं काही नाही, फक्त आवाज मोठा झाला.

पहिला पोचला कॉन्रॅड. आरोलकर चिखलात उताणे पडले होते आणि त्यांचा उजवा हात अजून वरच होता. कॉन्रॅडने तोच धरून त्यांना ओढून काढलं. दोघेही चिखलाने सारखेच माखले. सरांना नीट उभं करून त्याने त्यांच्याकडे बघितलं.

"सर," तो म्हणाला, "खरंच येत नाही की हो तुम्हाला."

चिटणीसांनी तिथेच, केळीच्या खांबाला कागद टेकवून अभिप्राय लिहिला: संबंधित शिक्षकास हात सोडता येतो, परत धरता येत नाही, सबब प्रचाराचा हेतू दिसून येत नाही. नोटीस मागे घेण्यात आली.

घरी बातमी आरोलकरांच्या आधी पोचली होती, ती कशी हे वर्तक काकांनाच माहीत. मनोरमाबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. चिखल धुऊन ते बाहेर आले तोवर पानं मांडून झाली होती. जेवताना त्या म्हणाल्या, की रोज सकाळी मी गॅलरीतून हात करते आणि तुम्ही कधी वर बघत नाही. इतके दिवस वाटायचं, चारचौघांत लाजता. लाजतोही, आरोलकर म्हणाले. मनोरमाबाईंनी त्यांच्या पानात आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी ते निघाले ते खाली मान घालूनच. आता उतरायचं की नाही, हे त्यांचं ठरलं नव्हतं. वाड्या सुरू झाल्या आणि दूरवर ॲन्सेल्म दिसले. सरांना बघताच ॲन्सेल्मनी आपले दोन्ही हात हँडलवर घट्ट रोवले आणि लांबूनच ओरडून सांगितलं, "हात नको, सर!" त्यांच्यामागून दूधवाला आला. तोही म्हणाला, हात नको. मोगऱ्याच्या टोपलीवाली आली, तिने रस्त्याची कडा पकडून विनवलं, हात नको सर, हात नको. लोकांना सरांची काळजी होती आणि सरांहून जास्त आपापल्या सायकलींची. निवडणूक बेटीने जिंकली. ती त्या प्रचारफेरीनेच, असं कॉन्रॅड शेवटपर्यंत सांगत राहिला, पण रस्त्यात भेटला की सगळ्यांत मोठ्याने 'हात नको' तोच म्हणे. आरोलकरही मग दोन्ही हात हँडलवर ठेवून, ऐटीत, प्रत्येकाला तसंच उत्तर देऊ लागले.

पुढे त्या रस्त्यावरची माणसं आपापसातही तेच म्हणू लागली. कारण विचाराल तर अर्ध्यांना आठवत नसे. दोनेक वर्षांनी चर्चला मंगळूरकडचे एक तरुण फादर आले. त्यांना मराठी नीट येत नव्हतं, पण शिकायची हौस दांडगी. पहिल्याच सकाळी ते सायकलवरून निघाले आणि समोरून आरोलकर सर येताना दिसले. फादरनी उजवा हात उंच केला, प्रसन्न हसले आणि नव्याने शिकलेला शब्द स्वच्छ उच्चारला,

"हातनको, सर."

"हातनको, फादर," आरोलकर म्हणाले आणि हँडल घट्ट धरून पुढे गेले.